साहेब तिकडे, मालक इकडे

माय,

तुझा फोटो मागायला माणूस आला होता. गेल्या विधानसभेच्या वेळची गोष्ट. दुपारी मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसले होते, तेवढ्यात दारात पांढरी गाडी थांबली आणि इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "साहेबांनी पाठवलंय. तुमच्या आईंचा फोटो पाहिजे. निष्ठावंत कार्यकर्त्यांचे फोटो बॅनरवर टाकायलोत." मी विचारलं, कोणत्या पक्षाच्या बॅनरवर. तो जरा अडखळला. मग म्हणाला, "साहेबांच्या." मी म्हणाले, माझी माय साहेबांच्या पक्षात नव्हती, साहेब तिच्या पक्षात होते, आणि आता ते तिथं नाहीत. त्याला ते कळलं की नाही, देव जाणे. त्यानं मोबाईलवर कुणाला तरी फोन लावला, "इथं न्हाई भेटत, दुसरं बघा," असं सांगितलं आणि गेला. म्हणजे तुझ्या जागी दुसरा कोणी निष्ठावंत चालणार होता.

राग कुणावर काढावा हेच कळेना, म्हणून तुझ्यावर काढते. जिवंत असतीस तर मला एवढं बोलू दिलं नसतंस. मध्येच उठून भाकरी थापायला गेली असतीस आणि तिकडून म्हणाली असतीस, "तुला राजकारणातलं काय कळायलंय?" मला कळत नाही हे खरंच आहे. पण जे झालं ते तुलाही कळलं नसतं. ऐक. आपले साहेब वाड्यावरच्या मालकांच्या पक्षात गेले. म्हणजे ज्या पक्षाला पाडण्यात तुझी हयात गेली, त्या पक्षात. आणि ते तिकडं गेल्यावर मालकांना तिकडं तिकीट मिळेना, म्हणून मालक आपल्या पक्षात आले. आपला माणूस त्यांच्याकडं, त्यांचा माणूस आपल्याकडं. दोघांनी गळ्यातली उपरणी तेवढी बदलली. प्रचाराची जीप गावातून फिरली तर भोंग्यावर बोलणारा पोरगाही तोच होता. सकाळी एकाचं नाव घ्यायचा, संध्याकाळी दुसऱ्याचं, आणि दोन्ही वेळेला "स्वाभिमानी मतदार बंधू-भगिनींनो" म्हणायचा. मी दार लावून घेतलं.

तुझा पक्ष तुला कधी चिकटला, ते मला नीट आठवतं, कारण त्या दिवशी मला तुझी लाज वाटली होती. उन्हाळा होता, गावातले आड आटले होते. सरकारी टँकर यायचा आणि मालकांच्या भावकीच्या विहिरीत रिकामा व्हायचा. आपल्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन नुसत्या बघत राहायच्या. एक दिवस तू उठलीस आणि टँकरच्या पुढं जाऊन बसलीस. अजून दिसतं मला ते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, तू पदर खोचून चाकासमोर मांडी घालून बसली आहेस, शेजारच्या काकू तुझ्या बाजूला आहेत, आणखी पाच-सहा जणी आहेत. मी शाळेतून येतेय, आमचे सर सायकलवरून उतरून बघतायत, आणि मला वाटतंय की जमीन फाटावी. मालकांची माणसं येतात, शिव्या देतात, एकजण दगड उचलतो. तुझ्या कपाळातून रक्त येतं. तू पदर दाबून धरतेस आणि तशीच बसून राहतेस. दुपार कलल्यावर पालमहून एक जण मोटारसायकलवर येतो. बारीक, दाढी वाढलेला, कॉलर फाटलेली. तो भाषण करत नाही. तुला विचारतो, "मावशी, मी बी बसू का?" आणि गाडी बाजूला लावून तुमच्या शेजारी मातीत बसतो. टँकर आपल्या गल्लीत रिकामा होईपर्यंत तो उठला नाही.

तोच पुढं साहेब झाला.

त्यानं त्या दिवशी तुला दिलं काय? काही नाही. टँकर तर तुम्हीच अडवला होता. तो नुसता येऊन बसला, आणि तेवढ्यावर त्याच्या पक्षाला तुझा सगळा जन्म मिळाला. त्यानंतर आपल्या घरात निवडणूक म्हणजे सणासारखी असायची, फक्त सणाला पाहुणे जेवून आपापल्या घरी जातात. गंगाखेडकडून, लोह्याकडून पोरं यायची, धुळीनं भरलेली, उपाशी. चुलीवर पिठलं रटरटतंय, तू भाकरी टाकतेयस, मी ठेचा वाटतेय, आणि बापू ओसरीवरून ओरडतायत, "हे घर हाय का पक्षाचं हाटेल?" तू म्हणायचीस, "तुमी बी जेवा अन् गप बसा." पिठाचा डबा तळाला गेला की तू काकूंकडून पीठ आणायचीस. पक्षाकडून कधी काही आलं नाही. एकदा मी विचारलंच, की इतकं करतेस, तुला मिळतं काय. तू हातातली भाकरी तव्यात टाकलीस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "मिळायला मी काय मजुरीला जायले का?" त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

आणि निवडणूक नसायची तेव्हाचं तर विचारूच नये. कुणाची सून अडली की तू तिच्याबरोबर एसटीनं परभणीच्या सरकारी दवाखान्यात. कुणा म्हातारीचा निराधारचा पगार बंद झाला की तू तहसीलच्या व्हरांड्यात. काम झालं की बाई तुझ्या पाया पडायला वाकायची आणि तू तिला धरून म्हणायचीस, "माझ्या कामून पडतीस? पक्षानं केलं." पक्षाला त्यातलं काही माहीतसुद्धा नव्हतं, माय. पक्ष मुंबईत होता. तू स्वतःच्या चपला झिजवायचीस आणि श्रेय त्याच्या खात्यावर टाकायचीस. गल्लीला वाटायचं, पक्ष किती जवळचा आहे. जवळची तू होतीस.

सगळ्यात जास्त राग मला पंचायत समितीच्या वेळचा आहे. आपला गण बायकांसाठी राखीव झाला तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, आता हिलाच तिकीट. काकूंनी तर तुझ्यासाठी नवी साडी बघून ठेवली होती. साहेबांनी तिकीट दिलं एका ठेकेदाराच्या बायकोला, जी आठ दिवसांपूर्वी मालकांच्या पक्षातून आली होती. तू पालमच्या बैठकीतून परत आलीस, हातपाय धुतलेस आणि कणिक मळायला बसलीस. मी विचारलं, काय म्हणाले साहेब. तू म्हणालीस, "म्हणले, मावशी, तुमी घरच्याच हाव, तुमाला समजावून सांगायची काय गरज." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्या ठेकेदारणीला घेऊन घरोघर हिंडायला लागलीस. मी रस्त्यात तुला अडवलं होतं. "आपण पक्षात हाव," तू म्हणालीस, "उमेदवारात न्हाई. सरक." तुझ्या शब्दावर गल्लीनं तिला निवडून दिलं. ती पुन्हा गावात दिसली नाही.

तिथंच त्यांना कळलं असणार, की ही माणसं कुठं जात नाहीत. जे जाणार नाहीत त्यांना द्यायचं कशाला? द्यायचं तर जे यायचे बाकी आहेत त्यांना. बाहेरून येणाऱ्याला हार आणि घरच्याला सतरंजी. तू एकदा जरी रुसली असतीस, एक निवडणूक जरी आजारी आहे म्हणून झोपून राहिली असतीस, तरी त्यांनी दारात येऊन चहा मागितला असता. पण तू कसली रुसतेस. तू गेलीस तेव्हा साहेब दहाव्याला आले, पाच मिनिटं बसले, सगळा वेळ फोन वाजत होता. जाताना मला म्हणाले, "पक्षाचं नुकसान झालं." मी मान हलवली. नुकसान किती झालं, ते त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं आणि मलाही.

तर फोटो मागायला साहेबांनी माणूस पाठवला. मालक मात्र स्वतः आले, आदल्या दिवशी निरोप धाडून. गाडी पारापाशी ठेवली, बरोबरच्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं आणि बूट काढून आत आले. म्हातारे झालेत आता. खुर्चीचा हात धरून बसले. तुझ्या फोटोकडं बघत राहिले. हार आणला नव्हता.

"ह्या बाईनं मला लय तरास दिला," ते म्हणाले.

"तुमच्या माणसानं तिचं कपाळ फोडलं होतं," मी म्हणाले.

"फोडलं होतं. मी न्हाई म्हणत न्हाई. दुसऱ्या दिशी मी हिकडून चाललो होतो, तर डोक्याला फडकं बांधून ही गल्लीत हिंडायली. कुणाच्या घरात पाणी पोचलं, कुणाच्या न्हाई, ते इचारायली. मी तवाच घरी जाऊन सांगितलं, ह्या गल्लीत आता आपलं काय खरं न्हाई." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "माझ्याकडं माणसं लय होती. पर बोलावल्याबिगर येणारं एक बी नव्हतं. हिच्यासारखं एखादं असतं, तर मला ह्या वयात हे उपरणं बदलायची पाळी आली नसती."

इतकी वर्षं तुझ्या पक्षातल्या कुणाच्या तोंडून जे ऐकायचं होतं, ते हा माणूस बोलत होता. मला त्याचाच संताप आला.

"मग आता कशाला आलात?" मी विचारलं.

"मतं मागायला. दुसरं काय." ते स्वतःच जरा ओशाळले. "तुमच्या गल्लीचं मत तुमच्या पक्षाला पडतंय. अन् आता तो पक्ष म्हंजे मी."

"गल्ली मायचं ऐकत होती. पक्षाचं नाही."

"ते मला म्हाईत हाय," मालक म्हणाले. "तुमच्या पक्षाला म्हाईत न्हाई."

मतदानाच्या दिवशी सकाळी काकू नेहमीसारख्या आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. दर निवडणुकीला तू पहिली हाक त्यांना मारायचीस, मग तुम्ही दोघी मिळून पुढची दारं वाजवत जायचात, आणि शाळेपर्यंत पोचता पोचता सगळी गल्ली मागं असायची. दुपार झाली तरी काकू ओट्यावरच. आपल्या पक्षाचा पोरगा बूथबाहेर टेबल टाकून मोबाईल बघत बसला होता. तो परभणीहून आला होता, त्याला गल्ली कुठं आहे हेही माहीत नव्हतं. मी काकूंना म्हणाले, चला, मी येते बरोबर. त्या म्हणाल्या, "कुणाला टाकू ते सांग. ह्यानं तुझ्या मायचं डोस्कं फोडायला लावलं, अन् त्यो तिला सोडून तिकडं पळाला. तू सांग, मी टाकते." मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे. तूर निवडायची पडलीय." आणि आत गेल्या. अशीच सगळी गल्ली आत गेली. कुणी भांडलं नाही, कुणी घोषणा दिली नाही, कुणी दुसऱ्या पक्षात गेलं नाही. मी मात्र जाऊन आले. कुणाला टाकलं, ते तुलाही सांगणार नाही.

साहेब निवडून आले. मालक पडले, आणि तुझा पक्ष आपल्या गावात पहिल्यांदा मागं राहिला. दोन दिवसांनी आपल्या पक्षाच्या तालुक्याच्या कार्यालयातून मला फोन. आवाज ओळखीचा नव्हता. "ताई, तुमच्या गल्लीनं गद्दारी केली," तो म्हणाला. "तुमच्या आईच्या आत्म्याला काय वाटत असंल?" इतका वेळ मी तुझ्यावर रागावत होते ना, पण त्या क्षणी तुझ्या बाजूनं मी उसळले. मी म्हणाले, "गल्ली घरी बसली होती. बोलवायला तुमच्यातलं कुणी आलं नाही." तो म्हणाला, "मतदानाला काय बोलवावं लागतं का?" मी फोन ठेवला. त्याला सांगून उपयोग नव्हता. बोलवावं लागतं, हे ज्याला माहीत होतं, तो एकदा मोटारसायकलवरून येऊन मातीत बसला होता. नंतर त्याला खुर्चीची सवय झाली.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून राहिलेलं एक लिहून टाकते. मालकांचा निरोप आला तेव्हा मला वाटलं होतं, आता जिल्हा परिषद येईल, गट बायकांना सुटेल, हे बहुतेक माझ्या तिकिटाचंच बोलायला येतायत. मी सकाळीच घर सारवून घेतलं, तुझी जांभळी इरकल नेसले, आणि "मला काही नको, पण गल्लीचा आग्रहच असेल तर बघू" हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. मालक चहा पिऊन उठले. तिकिटाचा विषय निघालाच नाही. आणि मला, माय, वाईट वाटलं.