पत्र सोपान टेलरच्या दुकानावर

जे. पी. नगर, बेंगळुरू
६ जानेवारी

ती. नानांस जितूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं कोण कोण करता, म्हणून कागद घेतला. आई म्हणते, ओट्यावरून पडल्यापासून तुम्ही खाट सोडत नाही. हाड तर मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलंय की चालला नाहीत तर गुडघे कायमचे आखडतील.

हॉटेलातलं काम सोडलं. ओरडू नका. आता विद्याअक्का म्हणून एक आजी आहेत, त्यांच्याकडे आहे. आपलीच माणसं, पण इथं मुरलेली, मराठी बोलता बोलता कन्नडात शिरतात, थोडंला स्वल्प आणि बरंला सरी म्हणतात. अक्कांना बागेत फिरवायचं, एवढंच काम. पण त्या पहिल्याच बाकावर बसतात, आपला मोबाईल माझ्या खिशात घालतात आणि म्हणतात, जा, तू चाल. मोबाईल पावलं मोजतो, ती तिकडे कोरमंगलात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, उपेंद्रसाहेबांना दिसतात. काल माझ्यामागं कुत्रं लागलं, तर साहेबांनी अक्कांना शाबासकीचा फोन केला.

तुमच्या वाटचं मात्र मला इथून चालता येत नाही. या पत्राचं उत्तर बागेपलीकडच्या नरसिंहअण्णांच्या फुलांच्या दुकानावर धाडा, पत्ता मागे लिहिलाय. लोभ आहेच, तो जरा पायांवरही असू द्या.

जितू

चिंचणी
१५ जानेवारी

चि. जितूस आशीर्वाद.

पत्र खाटेवर मिळालं, खाटेवरच वाचलं. झकास. तुझे पाय कुठं टिकत नाहीत, माझे कुठं जात नाहीत, घराचा हिशेब बरोबर जमतो. मला पुन्हा पडायचं नाही, विषय संपला. कुत्र्याचं पुढं काय झालं ते मात्र सविस्तर लिही.

माया आहे, उपदेश आवर.

नाना

जे. पी. नगर
२४ जानेवारी

ती. नानांस शि. सा. न.

तुमचं पत्र आणायला मी दुकानाकडे कसा धावतो ते अक्कांनी पाहिलं. म्हणाल्या, मग म्हाताऱ्याला तू घरपोच का देतोस? म्हणून हे पत्र एस. टी. स्टँडवर सोपान टेलरकडे टाकलंय. आईला कळवलंय. लग्नातल्या घट्ट कोटावरून तुमचं त्यांचं बोलणं बंद आहे, ठाऊक आहे. पाकिटाला गोंद लावलेला नाही. कुत्र्याची गोष्ट मोठी आहे, ती वेगळी पाठवतो, तीही तिथंच.

राग धरा, पण काठीही धरा.

जितू

चिंचणी
१८ फेब्रुवारी

जितू, आशीर्वाद नाहीत.

मी धापा टाकत पोचेपर्यंत सोपान्यानं पत्र अख्ख्या स्टँडला वाचून दाखवलं होतं. कंडक्टर मला कुत्र्याचं विचारायला लागला. पुढचं पत्र त्याच्या हाती लागू द्यायचं नाही म्हणून पोस्टमनच्या आधी जाऊन बसलो. पोस्टमनचा काही नेम नाही, म्हणून रोजच जावं लागतं. वाटेत दोनदा टेकतो, पण पडलो नाही. सोपान्या चहा पाजतो आणि म्हणतो, कोट बरोबर होता, माप दिल्यावर तूच सुटलास. हे भांडण अर्धवट टाकून घरी बसता येत नाही.

पोस्टमन काल म्हणाला, आजोबा, कशाला त्रास, घरी आणून देत जाईन. त्याला चांगला दम दिला.

विद्याअक्कांना वेगळं पत्र लिहिलंय. ते नरसिंहअण्णांच्या दुकानावर येईल. तू आणून द्यायचं नाहीस, मोबाईलही त्यांच्याच हातात राहू दे. मीही गोंद लावलेला नाही. बागेत मराठी वाचणारं कुणीतरी निघेलच.

लोभ होता तेवढाच आहे.

नाना