करवंदाचं रोप फ्रीजबाहेर काढलंय

मरियम,

तुला उठवलं नाही. गाडी खाली येऊन उभी आहे, कामाला फुजैराला निघतोय, शनिवारी येईन.

गावाहून आणलेलं करवंदाचं रोप फ्रीजमधून काढून बाल्कनीत सावलीला ठेवलंय. थंडीची सवय अशी फ्रीजमध्ये ठेवून लावता येत नाही गं. इतकी वर्षं काढून आपल्याला तरी इथला आखाती उन्हाळा कुठं सवयीचा झालाय? सुमैय्याकडे पाठवलंस तरी कॅनडात पहिल्याच बर्फात ते खलास होईल, आणि मग तू मलाच बोलशील.

तिनं तिथली थंडी सोसणारी दोन झुडपं बघून ठेवलीत. एक हस्कॅप, लांबट निळ्या फळांचं. पण त्याला शेजारी दुसऱ्या जातीची जोडी लागते, नाहीतर फळ धरत नाही. दुसरं ब्लॅककरंट, इथल्या रोल्ला बाजारातल्या जांभळ्या आइस्क्रीममध्ये असतं ते. ते एकटं लावलं तरी फळतं.

मी म्हटलं, तुझं घर, तुझं अंगण, तूच ठरव. तर म्हणाली, "अम्मी सांगेल ते लावीन." तिचा तलाक झाल्यापासून तू तिचा फोन घेत नाहीस, तरी असं म्हणाली. तुम्हा दोघींचे निरोप इकडून तिकडे नेऊन मी आता दमलोय.

डाळ गरम करून घे. शुगरची गोळी टेबलावरच आहे.

आज तिला सुट्टी आहे, फोन कर. तिला एकटं फळणारंच हवंय. फक्त ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मोहिद्दीन