शेवटच्या कडव्यातलं नाव

३ फेब्रुवारी
क्रांती चौकाजवळच्या कॅफेत २३ तारखेला जुन्या रॉक अँड रोलची संध्याकाळ. मी दहा मिनिटं बोलणार. विषय: गाणं गाजतं गाणाऱ्याच्या नावावर, लिहिणारा राहतो मागं. मग आमच्या बँडचं नवं मराठी गाणं. लिहिणार मीच. गिटारवाल्या श्रेयाला सांगितलं, आठवड्यात देते.

१० फेब्रुवारी
ओळी शून्य. भाषण मात्र उत्तम चाललंय. किती जणांची नावं रेकॉर्डवरून गाळली! वाचून रडू आलं.

१४ फेब्रुवारी, सकाळी
बाबांचं सायकलचं गाणं रॉकच्या ठेक्यावर म्हणून पाहिलं. केवळ सरावापुरतं. मी शाळेत जायला लागले तेव्हा त्यांनी लिहिलेलं. दर जयंतीला त्यांची गायन पार्टी ते म्हणतेच. पेटीही मी त्यांच्याकडूनच शिकले.
श्रेया म्हणाली, बाप रे, तू लिहिलंस? मी पाणी पीत होते. त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

१५ फेब्रुवारी
बाबांना आज सांगणार होते. ते जेवत होते. जेवताना माणसाला त्रास देऊ नये.

१९ फेब्रुवारी
पोस्टर आलं. ‘गीत: रूपाली’. हे चूक आहे. उद्या फोन करून बदलायला लावणार.
शेवटचं कडवं गाळलं. बाबांच्या पार्टीच्या गाण्यांत तिथं लिहिणाऱ्याचं नाव येतं. ‘धम्मपाल सांगे, पुढं बस पोरी.’ कारण फक्त टेक्निकल. रॉकच्या ठेक्यात ते बसत नाही.

२०, २१, २२ फेब्रुवारी
फोन एंगेज असणार.

२४ फेब्रुवारी
काल बाबा आणि केसरआत्या पहिल्या रांगेत. पोस्टरवर माझं नाव वाचून आले होते. भाषणाला खूप टाळ्या. बाबांच्या सगळ्यात जास्त.
गाण्यात मी तिसरं कडवं संपवून थांबले. आत्या थांबली नाही. टाळी धरून खड्या आवाजात तिनं शेवटचं कडवं उचललं, बाबांच्या नावासकट. ड्रमवाल्या सार्थकनं ठेका सोडला नाही. अगदी नीट बसलं.
घरी आत्या म्हणाली, काय गं, बापाचं नावच गिळलं व्हय? बाबा म्हणाले, राहू दे आक्का, स्टेजवर विसरतं माणूस, मी बी लई बार विसरलो.
मी म्हणाले, हो. विसरले.

२५ फेब्रुवारी
आज बाबांना खरं सांगणार. नक्की.

संध्याकाळी
शेवटचं कडवं बाबांनी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पेटीवर ठेवलंय. मी पुन्हा विसरू नये म्हणून. ‘धम्मपाल’ खोडून तिथं ‘रूपाली’ केलंय.
मात्रा मोजल्या. सहाला सहा.
बसतं.