पडलेल्याला उठायला लागणारा वेळ

पप्पा, चार दिवस झाले, लोक मला शिव्या देतायत. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता मी मोबाइलवरच्या एका मारामारीच्या गेमचे नियम ठरवते. कुणाचा ठोसा किती लागावा, पडलेल्याला उठायला किती वेळ मिळावा, हे माझं काम. औरंगपुऱ्यात एका कपड्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. एकामागोमाग फटके जोडून मारायचे त्याला कॉम्बो म्हणतात. मागच्या आठवड्यात मी ठरवलं की सलग पाच फटक्यांनंतर मार खाणाऱ्याला सुटायची एक संधी मिळेल, आणि बटणं दाबायला सगळ्यांनाच किंचित जास्त वेळ मिळेल. एवढंच केलं, आणि जुने खेळाडू पेटले. बाईला काय कळतंय इथपासून सुरुवात. एकानं लिहिलं, 'लुळ्यापांगळ्यांसाठी केलाय का गेम?' ते वाचून मी गच्चीवर जाऊन उभी राहिले.

त्यांचं सगळंच खोटं नाही. महिनोन्‌महिने घासून बोटांत बसवलेला कॉम्बो एका सकाळी चालेनासा झाला तर मीही चिडले असते. पण कोपऱ्यात सापडलेल्याला शेवटपर्यंत नुसतं बघत बसायला लावायचं, याला मी कौशल्य म्हणणार नाही. पाच फटके कमावलेस ना, मग सहावा पुन्हा कमव. हरला म्हणून कुणी गेम सोडत नाही, आपल्या हातात काहीच उरलं नाही म्हणून सोडतो.

तुमच्या चिकलठाण्याच्या कंपनीतली पत्रा कापायची प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच खाली यायची, म्हणजे हात आत राहायला नको. पण माल भराभर निघावा म्हणून सगळे एक बटण पट्टी लावून दाबलेलंच ठेवायचे, आणि दोन्ही वापरणाऱ्याची टिंगल करायचे. तुम्हीही पट्टी लावलीत. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि कंपनीनं चूक तुमचीच म्हणून लिहून घेतलं. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "ते बटण माणसाला हळू करायसाठीच असतंय, बाई. आम्हालाच लई घाई." हे मला खेळाडूंना सांगता येत नाही.

सातवीच्या निकालाला तुम्ही गुलमंडीवरून टीव्हीला जोडायचा गेम आणलात. मुकुंदवाडीच्या आपल्या खोलीत, पहिल्या पाळीहून आलात की चहा व्हायच्या आत एक डाव. तुमचा तो जाडा पैलवान. अंगठा आणि उरलेली बोटं वाकडी करून तुम्ही बटणं दाबताय, दर वेळी जरा उशिरा. मी पैलवानाला कोपऱ्यात घेते आणि मारत राहते, खाली पडूसुद्धा देत नाही. तुम्ही आधी हसता. मग म्हणता, "आगं, उठू तर दे त्याला. असं नसतंय खेळायचं." मी म्हणते, "गेममधी चालतंय. तुम्हाला बोटं नायत त्याला मी काय करू?" ओट्याशी मम्मीचा हात थांबतो. तुम्ही बटणांचा रिमोट खाली ठेवता, त्याची वायर नीट गुंडाळता, "व्हय, बरोबरे तुझं," म्हणता आणि बाहेर जाऊन बसता. मम्मीनं मला लाटणं फेकून मारलं, पण ते लागलं नाही. त्यानंतर तुम्ही परत खेळला नाहीत.

उद्या अकराला मीटिंग आहे. मालक म्हणतात, बदल मागे घे, नाहीतर तुझ्या जागी दुसरं कुणी येऊन घेईल. मी घेणार नाही. चार पानी उत्तर तयार आहे, त्यात कॉम्बोचं गणित आहे, नवे खेळाडू का टिकत नाहीत ते आहे, तुम्ही नाही. नोकरी बहुतेक जाईल. मम्मीला अजून सांगितलं नाही.

हे सगळं तुमच्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. तुम्ही असतात तर शेजारी बसवून खेळवलं असतं, असंही. पण त्या दिवसानंतर तुम्ही सहा वर्षं होतात, पप्पा. मी रोज खेळायचे आणि तुम्ही हातभर अंतरावर पेपर वाचत बसायचात. "या, बसा," असं मी एकदाही म्हटलं नाही. लाज वाटायची म्हणून नाही. तुमच्याबरोबर मला हळू खेळावं लागायचं, म्हणून.