जादा किल्ली

६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मध्येच पत्र आलं म्हणून दचकू नकोस, माणसं सगळी जागेवर आहेत. गाडी मात्र नाही. चार दिवसांपूर्वी सकाळी बाबा शाळेच्या फेरीला निघाले, तर दारातली व्हॅन गायब. काच फुटलेली नाही की काही नाही, जमिनीवर तेलाचा डाग तेवढा शिल्लक. बाबा आधी अकरा मुलांच्या घरी पायी जाऊन आज गाडी येणार नाही असं सांगून आले आणि मग चौकीत गेले.

हवालदार पंचनामा करून गेले. किल्ली कोणाकोणाकडे असते, असं फौजदारांनी विचारलं. बाबांची सवय तुला माहीत आहेच, जादा किल्ली पुढच्या नंबरपाटीमागे तारेने बांधलेली. आपण तिघं आणि मिस्त्री सोडून हे कुणालाच ठाऊक नाही. बाबांनी तेही सरळ सांगून टाकलं. वीस वर्षं आपल्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नाही, त्या मिस्त्रींना आता रोज सकाळी चौकीत बोलावतात आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवतात.

बाबा धड जेवत नाहीत. तू जपून राहा आणि आमच्यावर माया असू दे.

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. पंचनामा तू इतका सुबक लिहिला आहेस की हवालदारांनी तुलाच नोकरीला ठेवावं.

खरं सांगू? वाचून मला आधी हायसं वाटलं. गेल्या महिन्यात गाडी मागे घेताना मागे उभी असलेली पोरगी बाबांना दिसलीच नाही. तू हात धरून ओढलीस म्हणून ती वाचली. नजर जात चालली आहे आणि ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तरी हे आपले हेका सोडायला तयार नाहीत. काहीही कर, पण त्यांना गाडीवरून उतरव, असं मीच तुला लिहिलं होतं. आपल्याला जमलं नाही ते चोराने केलं म्हणायचं.

मिस्त्रींचं मात्र वाईट वाटतं. मला त्यांनीच सायकल शिकवली. बाबांना म्हणावं, फौजदारांना भेटून त्यांच्याबद्दल चार शब्द सांगा.

सवड काढून लिहीत जा.

तुझा,
दादा


१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, चोर मीच आहे.

त्या दिवशी उजाडायच्या आत तार सोडून किल्ली काढली आणि गाडी बंद गिरणीच्या मागे नेऊन वर ताडपत्री टाकली. बाबांनीच शिकवलं होतं चालवायला. वाटलं, चार दिवस हळहळतील, फिर्याद होईल, कागद फायलीत पडून राहील आणि मुलं वाचतील. त्या किल्लीपायी मिस्त्री अडकतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल त्यांना कोठडीत टाकलं. संध्याकाळी त्यांची बायको दारात आली आणि बाबांना विचारून गेली, की वीस वर्षांत आमच्या माणसाने तुमचा एक खिळा तरी नेला होता का. मी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाही. मला माझीच लाज वाटते.

खरं सांगितलं तर माझ्यावर खटला होईल आणि बाबा पुन्हा गाडीवर बसतील. नाही सांगितलं तर एका भल्या माणसाचं वाटोळं होईल. मला काही सुचत नाही. काय करू ते लिही.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे मिळताच चपला घाल आणि चौकीत जा. हे मला विचारायला नको होतंस. पत्रं जाऊन येईपर्यंत मिस्त्री आतच आहेत. तुझा राग आला आहे आणि त्याहून माझा. लांब बसून काहीही कर म्हणणारा मीच. रजा मिळताच निघतो.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं आणि मी तशीच निघाले. चौकीच्या आवारात आपली व्हॅन उभी होती. गस्तवाल्यांना ती आदल्या दिवशी सापडली होती आणि ओळख पटवायला त्यांनी बाबांना बोलावलं होतं. बाबा चालवायच्या सीटवर बसले होते आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले होते. सीट मी पुढे ओढलेली, ती तशीच राहिली होती. मिस्त्री बाबांहून उंच, त्यांना तिथे बसताच आलं नसतं. मला पाहून त्यांनी सीट मागे सरकवली आणि ते खाली उतरले.

आत गेल्यावर मी तोंड उघडणार, तोच बाबांनी मला खाली बस म्हणून दटावलं. मग फौजदारांना सांगितलं, की लिहून घ्या, गाडी मीच तिथे ठेवली आणि विसरलो. वर्षभर मला नीट दिसत नाही, हल्ली लक्षातही राहत नाही. फौजदारांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, खोट्या फिर्यादीबद्दल चार शब्द सुनावले आणि लायसन्स ठेवून घेतलं. सही कुठे करायची ते बाबांना दिसेना. हवालदारांनी त्यांचं बोट धरून जागेवर नेऊन ठेवलं. दादा, मला ते पाहवलं नाही.

मिस्त्रींना सोडलं. बाबांनी त्यांच्यापुढे हात जोडले. विसराळूपणापायी आपल्याला आठवडाभर कोठडीत बसवलं, असंच मिस्त्री समजले. ते बाजूने निघून गेले.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, की मला सरळ सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का. मी नाही म्हटलं. थोड्या वेळाने तेही नाहीच म्हणाले. मिस्त्रींना मी खरं सांगते म्हटल्यावर मात्र भडकले. एका घरात एकच तोंड काळं झालं तेवढं पुरे, असं म्हणून भिंतीकडे वळून झोपले.

आयुष्यात मी त्यांचा शब्द कधी मोडला नाही. हे पत्र पेटीत टाकून मी मिस्त्रींच्या दुकानावर जाते आहे. लोभ राहू दे असं या वेळी लिहायचा धीर होत नाही.

तुझी,
धाकटी