माहेरच्या नावाची ॲलर्जी

दांडिया बाजार, बडोदे
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळे मजेत. आईचा गुडघा बरा आहे आणि तुझ्या इराच्या परीक्षेची काळजी तुझ्याहून तीच जास्त करते. तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन शुक्रवारी, तेही मी काम करतो त्याच हॉस्पिटलात, म्हणून ती निश्चिंत आहे. मी नाही. फोनवर तू "हवे बस कर, उत्कर्ष", आता पुरे, म्हणून मला गप्प करतेस, म्हणून भाऊजींच्या हाती हे पत्र देतो आहे.

गोरव्याचा तो जुना दवाखाना आठवतो? लग्नाआधी तापात तुला तिथे इंजेक्शन दिलं आणि तोंड सुजून तुझा श्वास अडकला होता. त्या नवरात्रात तू गरब्याला गेली नाहीस. अजूनही सगळ्यांना सांगतेस की कचोरी बाधली. तो दवाखाना आता आमच्या हॉस्पिटलने घेतला आणि तिथले पेशंट आमच्या डेटाबेसमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे पेशंटचं टेबल वेगळं, ॲलर्जीचं वेगळं. ॲलर्जीची प्रत्येक ओळ कुठल्यातरी पेशंटच्या नंबराला बांधलेली हवी, असं बंधनच घातलेलं असतं. ज्याच्या नावावर ॲलर्जी आहे त्या पेशंटला डेटाबेस पुसूच देत नाही, अडून बसतो. जुना डेटा भरतानाही तो सारखा अडत होता. मॅनेजर म्हणाले, "आजे चलावी लो, काले जोइशुं." आज चालवून घ्या, उद्या बघू. मी बंधन बंद केलं. मग जन्मतारीख आणि फोन एकच दिसला की दुबार नोंद समजून जुनं नाव पुसत गेलो. त्यात लग्नात नाव बदललेल्या आपल्या मराठी बायकाच जास्त निघाल्या. तुझ्यासारख्याच, माहेरची भक्ती, सासरची मोहना. माहेरची नावं गेली आणि त्यांच्या ॲलर्जी मागे राहिल्या, कुणाच्याच नसलेल्या.

काल बंधन पुन्हा लावायला गेलो तर लागेना. तेव्हा त्या ओळी दिसल्या. एकीत लिहिलंय, पेनिसिलिन, इंजेक्शननंतर श्वास अडकला. तारीख त्या नवरात्रातली. मोहना म्हणून तुझं पान उघडलं, तर तिथे 'ॲलर्जी: नाही'. ताई, मी लगेच जुनी प्रत शोधली. बॅकअप होता, पण त्यावर नवा चढला, माझ्या चुकीसकट.

तुझ्या पानावर मला काही लिहिता येत नाही, ते डॉक्टरांनीच लिहायचं असतं. शुक्रवारी सिस्टर स्क्रीन बघून विचारेल, "कशाची ॲलर्जी नाही ना?" आणि तू हसून नाही म्हणशील, याचीच मला भीती वाटते. कचोरीचं काढू नकोस. भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांग, पेनिसिलिन. भाऊजींनाही सांगायला लाव. तोवर सुईसाठी हात पुढे करू नकोस.

उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांपुढे मी हे सगळं सांगणार आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. आईला मात्र इतक्यात कळू देऊ नकोस.

तुझी ओळ ओळखता आली, कारण त्या दिवशी दवाखान्यात तुझ्या उशाशी मी होतो. बाकीच्या ओळी कुणाच्या, मला माहीत नाही. त्या बायकाही आमच्याकडेच येतील आणि त्यांच्याही पानावर 'नाही' असंच लिहिलेलं असेल.

तुला अजून भक्तीताईच म्हणणारा,
उत्कर्ष