शेवट बदलून मिळेल

३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ग्रंथालयात आता रुळले आहे. खिडकीजवळचं टेबल मिळालंय. त्याचा एक पाय लंगडा आहे, पण टेबल माझं आहे. मी मात्र अजून तात्पुरती. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मुख्य बाई महिनाअखेरीस ठरवणार. आणि बाबांनी तर साऱ्या गॅरेजला सांगूनही टाकलंय, पोरगी कायम झाली म्हणून! घरातली पहिली पदवीधर असण्याची ही शिक्षा.

सोबत माझ्या नावावर काढलेली कादंबरी पाठवते. एक शिक्षिका सगळ्या गावाशी झुंजून मुलींची शाळा उभी करते. आत्या, असं पुस्तक माणसाला बदलून टाकतं. तुझ्या शिवणाच्या दुकानातल्या सगळ्याजणींना वाचायला दे. तुमच्या त्या खुनांच्या पुस्तकांनी मेंदूला गंज चढतो. फक्त महिनाअखेरीच्या आत परत पाठव आणि जप. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला, तरी मुख्य बाई दिवसभर बोलत नाहीत.

लोभ असावा, टोमणे कमी असावेत.
तुझी भाची

१४ जानेवारी

चि. पदवीधर बाईंना
आत्याचे अनेक आशीर्वाद.

सगळ्याजणींना दे, असं तूच लिहिलंस. पुस्तक एक, आम्ही चौघी. मग शर्टाचं करतो तेच केलं. कॉलर एकीकडे, बाह्या एकीकडे. शिवण अलगद उसवून पुस्तकाचे चार भाग पाडले. एकही पान फाटलं नाही, तुझी शपथ. कॉलरवालीला सुरुवात, बाह्यावालीला गावातली भांडणं, मला लग्नाची भानगड आणि काजाबटणवालीला शेवट. वाचून झालं की भाग पुढे सरकवायचा.

घोळ असा झाला, की शेवटी शिक्षिका मरते हे काजाबटणवालीला पहिल्याच दिवशी कळलं. आम्ही हसलो, की ती आमच्याकडे बघून नाक ओढायची. पुढे कॉलरवालीलाही ते कळलं आणि तिने दोन कॉलरी उलट्या लावल्या. गिऱ्हाइकाची बोलणी कुणी खाल्ली? मी! म्हणून परत शिवताना आम्ही एकमताने मरणाचं प्रकरण मध्ये घातलं आणि शाळा उघडण्याचं शेवटी नेलं. आता बाई आधी मरते आणि मग शाळेची घंटा वाजवते. कुणाचं काय बिघडलं? टाके पक्के आहेत.

बदल्यात हातमोज्याच्या खुनाचं पुस्तक पाठवते. शेवटची चार पानं काढून ठेवली आहेत, तुझ्या मेंदूला गंज नको. हवीच असली तर माग.

माया आहेच, उसवू देऊ नकोस.
आत्या

२१ जानेवारी

आत्यास,
न. वि. वि. घाईत.

तुझं पार्सल मुख्य बाईंनी उघडलं. मी शिडीवर होते, उतरेपर्यंत उशीर झाला. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि हे मी घरी नेते, एवढंच म्हणून पुस्तक पिशवीत टाकलं.

पुस्तक म्हणजे शर्ट नव्हे, आत्या! लिहिणाऱ्याने तो शेवट विचार करून लिहिलेला असतो. आता मला काढलं, तर बाबांना कोणतं तोंड दाखवू? मी तुझ्यावर खरंच रागावले आहे.

तरीही तुझीच

ता. क. हातमोज्याचं पुस्तक मी केवळ वाचकांच्या आवडीचा अभ्यास म्हणून चाळलं. अभ्यास पुरा करायला ती चार पानं लागतील. खुनी डॉक्टरच ना?

२५ जानेवारी

चि. रागीट बाईंस
आशीर्वाद.

तुझा राग बरोबर आहे. तुझ्या मुख्य बाईंना वेगळं पत्र लिहिलंय, की कात्री माझी, पोरीचा दोष नाही. दादा काल पुन्हा दुकानात येऊन तू कायम झाल्याचं सांगून गेला. आम्ही चौघींनी माना डोलावल्या, पण शिलाई कुणाची सरळ आली नाही.

पानं पाठवणार होते. काजाबटणवाली म्हणाली, अभ्यास करणाऱ्याला उत्तर दाखवू नये. डॉक्टर नव्हे, एवढं सांगते.

रागातही लोभ ठेव.
आत्या

१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल मुख्य बाईंनी बोलावलं. समोर ते पुस्तक आणि तुझं पत्र. पुस्तकावर कात्री चालवणं हा अपराध आहे, हे त्यांनी मला इतका वेळ समजावलं, की मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, की माझ्या वयाच्या असताना त्यांनी ही कादंबरी वाचली होती. शेवटाने इतक्या कोलमडल्या, की पुन्हा कधी हात लावला नाही. या वेळी मरण मध्येच आलं. पुस्तक मिटून ठेवलं. पण पानं उरली होती, म्हणून परत उघडलं आणि घंटा वाजेपर्यंत वाचलं.

ग्रंथालयाला त्या नवी प्रत देणार, तुझी शिवलेली स्वतःकडे ठेवणार. एवढं बोलून त्यांनी माझ्या नेमणुकीच्या कागदावर सही केली. पाठोपाठ खणातून स्वतःच्या दोन कादंबऱ्या काढल्या. यांचेही शेवट सोसवत नाहीत, तुझ्या दुकानात काही करता येतं का, असं विचारलंय. मी तत्त्वाचा मुद्दा काढणार होते, पण सहीची शाई अजून ओली होती. दोन्ही पुस्तकं सोबत आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हातमोज्याचं पुस्तक बाई माझ्या टेबलावरून घेऊन गेल्या आणि आज सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. पोस्टमन आला, की दोघी एकदमच उठतो. ती चार पानं ताबडतोब पाठव. बाबांची बातमी एकदाची खरी झाली आहे, ती पुन्हा खोटी पाडू नकोस.

लोभ शेवटच्या पानापर्यंत असावा.
तुझी कायम भाची